पैज हाताची होती

आमच्या घरात काही चांगलं झालं की त्याचं श्रेय हारुनना जातं, कारण दुसर्‍या कुणी द्यायच्या आत ते स्वतःच घेऊन मोकळे होतात. मी कोळंबीचं कालवण केलं आणि पाहुण्यांनी दोनदा मागून घेतलं, तर हे दाढीवरून हात फिरवत विचारणार, "कोळंबी आणली कोणी?" मी निवृत्त झाले तेव्हा शाळेत माझा सत्कार झाला. घरी येऊन यांनी शेजार्‍यांना सांगितलं, "तिला पावसापाण्यात रोज एसटीवर सोडायला मीच जायचो." आता हा माणूस वर्षातला बराचसा काळ समुद्रावर. सोडायला यायचा तो कुठून? पण चारचौघांत मी काही बोलले नाही. लोक गेल्यावर बोलले.

हारुन माझा नवरा. तोंडानं मी त्यांना नावानं हाक मारत नाही, पण कागदावर मारायला हरकत नाही. मी शमीम, राहणार राजिवडा, रत्नागिरी. जन्मभर मुलांना मराठी शिकवलं, त्यामुळे गप्प बसायची सवय जिभेला नाही. शिफा आमची एकुलती एक मुलगी. तिच्यात माझी जीभ आली आहे आणि त्यांचा हेका. असं मिश्रण घरात असलं की टीव्ही लावायची गरज पडत नाही.

हारुन बोटीवर इंजिनरूममध्ये कामाला होते. तिथल्या एका गोव्याच्या सोबत्याकडून ते गिटार शिकले आणि जपानच्या एका बंदरात त्यांनी स्वतःसाठी एक इलेक्ट्रिक गिटार घेतली. गडद लाल रंगाची. आमच्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे त्यांचं राज्य. तिथे बोटींचे फोटो, बंद पडलेला एक रेडिओ आणि भिंतीवर ती लाल गिटार. तिला हात लावायची कुणालाही परवानगी नाही. धूळसुद्धा तेच पुसतात, आणि पुसून झाल्यावर मला बोलावून दाखवतात.

राजिवड्यात, मिरकरवाड्यात, पार नाचण्यापर्यंत कुठल्याही पोरानं नवी गिटार घेतली की तो ती आमच्या ओटीवर घेऊन येतो. हारुन आधी डोळे मिटतात. "डोळ्याला रंग फसवतो," ते म्हणतात, "कानाला स्पीकर फसवतो. हाताला कोण फसवणार?" मग ती लांब दांडी, जिच्यावर तारा दाबतात, जिला वाजवणारे नेक म्हणतात, तिच्या कडेवरून तर्जनी सावकाश फिरवतात. नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बोटाला टोचतात का ते बघतात. तार दाबून तिला किती जोर लागतो ते बघतात. अंगठा नेकच्या पाठीवरून वर-खाली सरकवतात. आणि मग निकाल देतात. चांगली असली तर "ठेव" म्हणतात. वाईट असली तर एकच शब्द: "फळकूट!" स्वस्तातली गिटार घेऊन आलेल्या पोरांना बहुतेक वेळा हाच शब्द ऐकायला मिळायचा. बिचारी तोंडं पाडून जायची. मला वाईट वाटायचं, पण हारुनचा हात चुकायचा नाही हेही खरं.

आपल्या हातांचा त्यांना भारी अभिमान. "इंजिनात काम करून हात असे मऊ ठेवलेला माणूस दाखवा," असं म्हणतात. इंजिनाच्या तेलानं आणि खार्‍या वार्‍यानं त्यांचे तळवे फुटायचे, म्हणून दर सफरीला मी त्यांच्या बॅगेत कोकमतेलाचा गोळा रुमालात बांधून ठेवायची. त्या गोळ्याचं नाव मात्र अभिमानाच्या यादीत कधी आलं नाही.

तर शिफानं पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेतला. मुंबईजवळ ऐरोलीच्या एका कंपनीत तिची निवडही झाली. हारुन खूश. शेजारी अक्रम राहतो, दुबईत बरीच वर्षं काढून परत आलेला. त्यालाही ह्यांनी मिठाई नेऊन दिली. आणि इकडे मुलगी म्हणते, मी जाणार नाही. मला रस्त्याकडची खोली द्या. मी वाद्यं दुरुस्त करीन.

"कोणाची वाद्यं?" हारुननी विचारलं.

"सगळ्यांची. नमनाचे खेळ करणार्‍या मंडळांचे कीबोर्ड, ऑर्केस्ट्रावाल्यांचे अ‍ॅम्प, पोरांच्या गिटारी. आता कुणाचं काही बिघडलं की ते कोल्हापूरला नाहीतर मुंबईला जातं, नाहीतर माळ्यावर पडतं."

"पोरांच्या गिटारी! ती फळकुटं दुरुस्त करून काय होणार?"

शिफा आत गेली आणि एक गिटार घेऊन आली. तिनं ती ऑनलाइन मागवली होती, मिळत होती त्यातली सगळ्यात स्वस्त. निळी, चकचकीत. तिनं ती अब्बांच्या मांडीवर ठेवली. हारुननी डोळे मिटले, तर्जनी कडेवरून फिरवली आणि झटकन मागे घेतली. बोटाला ओरखडा उठला होता.

"करवत हाय ही! आणि तारा किती वर? खालनं कुर्ली तिरकी चालत जाईल. अंगठा बघ, कसा चिकटतोय या पॉलिशला. फळकूट!"

"लाकूड सरळ आहे, अब्बा. आतलं वायरिंगही बरं आहे. फक्त घाईत बनवलीय. कारखान्यात शेवटचा हात कुणी फिरवलाच नाही. तो मी फिरवते."

"शेवटचा हात फिरवून फळकुटाची गिटार होत नाय."

"होते."

"नाय होत."

मी स्वयंपाकघरातून ओरडले की भाकरी थंड होते आहे. कुणी लक्ष दिलं नाही. हारुन उठून उभे राहिले होते. ते उभे राहिले की काहीतरी घोषणा होणार हे ठरलेलं.

"ऐक गो. पुढच्या रविवारी माझे डोळे बांध. तीन गिटारी माझ्या हातात दे, त्यातली एक ही तुझी. मना सांग की स्वस्तातली कुठली ते ओळख. नुसत्या हातानं. वाजवून बघणार नाय, विचारणार नाय. मी ओळखली तर तू ऐरोलीला जायचं, आणि परत हा विषय काढायचा नाय. नाय ओळखली तर खोली तुझी."

"कबूल," शिफा म्हणाली. एक क्षणही थांबली नाही ती.

मी भाकरी तव्यावर तशीच ठेवून बाहेर आले. दोघांच्या तोंडाकडे बघितलं. बाप असा की आजवर त्याचा हात चुकला नव्हता, आणि मुलगी अशी की दिलेला शब्द ती गिळणार नव्हती. हरली तर सोमवारी बॅग भरून गेली असती, आणि ऐरोलीत बसून सणाला तेवढा फोन केला असता. मला खोलीचं काही पडलेलं नव्हतं. मुलगी इथे राहावी, आणि तिनं मनापासून मागितलेलं तिला मिळावं, एवढंच मला हवं होतं. भाकरी करपली ते वेगळं.

आठवडाभर शिफानं मागच्या पडवीत काम केलं. मी रोज शेजारी बसून भाजी निवडायची आणि बघायची. तिनं तारा सोडल्या, पट्ट्यांची टोकं बारीक कानशीनं एकेक करून गोल केली, आणि प्रत्येक टोक आपल्या गालावरून फिरवून बघितलं. मी विचारलं, गालावरून का? म्हणाली, "बोटाला सवय होते, अम्मी. गालाला होत नाही." तारा जिथे नेकवर चढतात तिथल्या प्लॅस्टिकच्या पट्टीतल्या खाचा तिनं खोल केल्या, पण इतक्या हळू की मला वाटलं ती झोपली. नेकच्या आत एक लोखंडी सळई असते. ती किल्लीनं जराशी फिरवायची, रात्रभर ठेवायची, सकाळी परत बघायची. शाळेत मी कितीतरी हुशार मुलं बघितली, पण चूक झाली तर चिडण्याऐवजी तिच्याकडे टक लावून बघत बसणारी फार थोडी. माझी त्यातली एक होती. मला फार भारी वाटत होतं, पण मी चेहरा भाजीकडेच ठेवला.

शेवटी राहिलं ते नेकच्या पाठीवरचं पॉलिश. आपल्याकडे पावसाळ्यात दाराची कडीसुद्धा हाताला चिकटते, तिथे ते पॉलिश काय करणार? शिफानं बारीक पॉलिशपेपरनं ते उतरवलं. लाकूड छान मऊ लागायला लागलं. पण उघडं लाकूड ठेवलं तर ते हवा पिणार, आणि तिनं मागवलेलं लाकडाचं तेल काही येईना. कुरियरवाल्याला फोन केला तर तो म्हणे घाट बंद आहे.

"तेलच हवंय ना?" मी म्हटलं. "कोकमतेल लाव."

"अम्मी, ही गिटार आहे. टाच नाहीये."

"फाटलेली टाच बरी होते तर लाकूड का नाही होणार? घट्ट असतं, ओघळत नाही, चिकटत नाही. लावून तरी बघ."

मी फडताळातून गोळा काढला. माझ्या बहिणीनं आंजर्ल्याहून घरी काढलेलं पाठवलं होतं, मुठीच्या आकाराचं. शिफानं ते नेकवर घासलं, फडक्यानं जोरजोरात चोळलं, आणि अंगठा सरकवून बघितला. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला मिठीच मारली. एवढा मोठा शोध लावल्यासारखी मी दिवसभर घरात फिरत होते. हारुनची सवय संसर्गजन्य आहे.

रविवारी ऊन कलल्यावर, असरच्या नमाजानंतर ओटीवर माणसं जमली. बातमी कोणी पसरवली ते सांगायला नको, तो माणूस नवी लुंगी नेसून खुर्चीवर बसला होता. पंच म्हणून दीपकला बोलावलं होतं. हा दीपक लग्नाकार्यात ऑर्केस्ट्रा घेऊन जातो, रत्नागिरीत त्याला सगळे ओळखतात. तो स्वतःची गिटार घेऊन आला होता. अक्रम त्याची दुबईहून आणलेली गिटार घेऊन आला. ती इतकी महाग की तो ती मुलांना वाजवू देत नाही. आणि तिसरी शिफाची निळी.

दीपकनं अटी पुन्हा मोठ्यांदा सांगितल्या. "फक्त हातानं. वाजवायची नाय, डोळे उघडायचे नाय. स्वस्तातली कुठली ते सांगायचं. हारुनभाई, मंजूर?"

"मंजूर, मंजूर. बांध."

शिफानं माझी ओढणी त्यांच्या डोळ्यांवर बांधली.

पहिली अक्रमची. हारुननी ती मांडीवर घेतली, तर्जनी कडेवरून फिरवली, तार दाबली, अंगठा सरकवला. नाक तेवढं मुरडलं आणि परत दिली.

दुसरी हातात आली आणि ते हसायला लागले. "ही दीपकची. हिच्या तिसर्‍या पट्टीला खड्डा पडलाय. गेल्या गणपतीत मी सांगितलं होतं ना तुना, बदल म्हणून?" माणसं हसली. दीपकनं डोकं खाजवलं.

मग तिसरी. शिफानं ती त्यांच्या मांडीवर ठेवली आणि मागे सरली. हारुनची तर्जनी कडेवरून निघाली आणि मध्येच मंद झाली. परत मागे आली, परत गेली. त्यांनी तार दाबली. ती इतक्या सहज दबली की त्यांच्या भुवया ओढणीच्या वर आल्या. मग अंगठा. वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, तो हात मी ओळखते. चांगली मासळी निवडताना तो असाच रेंगाळतो. त्या हाताला ती गिटार आवडली होती. मी शिफाकडे बघितलं. ती ओठ आवळून उभी होती.

आणि तेवढ्यात हारुननी दाढी खाजवायला हात वर नेला. हात नाकाजवळ गेला आणि तिथेच थांबला.

माझ्या एकदम लक्षात आलं. कोकमतेल! जे गोळे मी त्यांच्या बॅगेत रुमालात बांधून देत होते, जे ते दर बंदरात तळव्यांना चोळत होते, तेच तेल मी माझ्याच हौसेनं त्या नेकवर घासायला लावलं होतं. या ओटीवरच्या कुणालाही त्याचा वास आला नसता, आला असता तरी कळला नसता. या एका माणसाला कळणार होता. मुलीचे आठवडाभराचे कष्ट, आणि तिच्या आईनं त्यांवर स्वतःच्या हातानं शिक्का मारून ठेवला होता. माझी मलाच एक चापट मारावीशी वाटली.

हारुननी हात खाली घेतला. मग म्हणाले, "पहिली परत दे." पहिली हाताळली. "आता शेवटची परत दे." तीही हाताळली.

"शेवटची," ते म्हणाले. "शेवटची शिफाची हाय."

दीपकनं मांडीवर थाप मारली. "बरोबर! हारुनभाई जिंकले!" अक्रम टाळ्या वाजवायला लागला. शिफानं वाकून निळी गिटार उचलायला हात पुढे केला. तिचा चेहरा बघून मला वाटलं, सगळ्यांना आता चहा न देता घरी पाठवावं.

"थांब गो," हारुन म्हणाले. ओढणी अजून डोळ्यांवरच होती. "माझं बोलून झालं नाय."

"आता काय राहिलं?" दीपक म्हणाला. "ओळखलीत ना!"

"हातानं कुठे ओळखली? नाकानं ओळखली." त्यांनी दोन्ही तळवे सगळ्यांपुढे धरले. "हा कोकमतेल. शमीमचा. आख्खी दुनिया फिरलो मी हा वास बॅगेत घेऊन. डोळे काय, तोंड बांधलंस तरी हा वास मना कळेल. पण पैज कशाची होती रे, दीपक?"

"हाताची."

"मग हातानं काय सांगितलं ते ऐका. पहिली हातात आली तेव्हाच मी मनात बोललो, ही फळकूट. तारा उंच, अंगठा चिकटतोय, कडा टोचतायत. माझा निकाल झाला होता. आणि शेवटची हातात आली तेव्हा मनात बोललो, ही अक्रमची, दुबईवाली. पक्कं केलं होतं. मग वास आला. तरी परत दोन्ही मागून घेतल्या, की हात चुकला का बघावं. हात तेच बोलतोय. मी हरलो."

अक्रम ताडकन उभा राहिला. "हारुनभाई, ती फळकूट? ती दुबईची हाय!"

"दुबईत बरी असेल. इथली हवा तिला सोसली नाय."

ओटीवर एकच हशा पिकला. मला हसूही येत होतं आणि रडूही. कारण बाकी कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण माझ्या आलं होतं. या माणसानं नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसला असता तर पैज जिंकला असता, गावात नाव राहिलं असतं, मुलगी त्याला हव्या त्या नोकरीला गेली असती. आणि तो, जो माझ्या कोळंबीचंही श्रेय सोडत नाही, सगळ्यांसमोर डोळे बांधून बसला आणि म्हणाला, मी हरलो. मी एवढी खमकी बाई, पण त्या क्षणी मला त्यांच्या पायांशी बसावंसं वाटलं.

शिफाला मात्र ते पटेना. तिनं स्वतःच त्यांची ओढणी सोडली आणि समोर उभी राहिली.

"मला दया नको, अब्बा. तुम्ही माझी गिटार ओळखलीत. कशानं ते मला ठाऊक नाही. मी हरले. मी जाते ऐरोलीला."

"दया?" हारुनचा आवाज चढला. "माझ्या हाताबद्दल मी खोटं बोलेन? या हाताबद्दल? बोटीवर कॅप्टनसमोर बोललो नाय कधी!"

"माझ्यासाठी बोलाल."

आता मुलगी म्हणजे त्यांचाच हेका, तो कसा सुटणार? ओटीवरचं हसू थांबलं. अक्रमनंही आपलं दुबईचं दुःख बाजूला ठेवलं. हारुन उठले आणि रस्त्याकडच्या खोलीत गेले. आम्हाला भिंतीवरच्या खुंटीचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात लाल गिटार होती.

त्यांनी ती शिफाच्या हातात दिली. ती घ्यायला तयार नव्हती. तिनं हात पाठीमागे नेले होते, कारण लहानपणी एकदा हात लावला म्हणून मिळालेला ओरडा तिला आठवत होता. त्यांनी तिचे हात धरून पुढे आणले आणि त्यांवर गिटार ठेवली.

"पावसात हिचा नेक अंगठ्याला चिकटतो," ते म्हणाले. "मी कोणाला सांगत नाय. तुझ्या त्या निळीसारखी कर हिला. दया म्हणून मी माझा जीव देईन, शिफा. ही नाय देणार."

हे खरं होतं. ओटीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हे खरं आहे, आणि सगळ्यात जास्त शिफाला. तिनं गिटारीकडे बघितलं. मग खाली बसली, गिटार मांडीवर घेतली, आणि डोळे मिटले. अगदी त्यांच्यासारखे. तर्जनी कडेवरून फिरवली.

"अब्बा, या कडा तुम्हाला टोचत नाहीत?"

"टोचतात जरा."

"आणि नेक वाकलाय."

"पावसाळ्यात वाकतो थोडा."

"बाराही महिने वाकलेला आहे. तार पिळायची एक खुंटीही सैल आहे. म्हणून तुमचं गाणं नेहमी शेवटी बेसूर होतं. आम्हाला वाटायचं, तुमचंच काही चुकतं."

कुणाची हसायची हिंमत झाली नाही. जिच्याबद्दल कुणी ब्र काढलेला नव्हता त्या गिटारीचे दोष भर ओटीवर निघत होते, आणि हारुन शाळेतल्या मुलासारखे हात बांधून ऐकत होते. त्यांनी हळूच विचारलं.

"होईल?"

"होईल. पण घाई करायची नाही. गुरुवारी या."

"या म्हणजे? मी घरातच असतंय."

"गिर्‍हाईकांनी रस्त्याच्या बाजूनं यायचं," शिफा म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना, आणि हारुनना तर आधीपासूनच आवरत नव्हतं. मी चहा आणायला आत गेले आणि ओढणीनं, त्याच ओढणीनं, डोळे पुसले. तिलाही कोकमतेलाचा वास लागला होता.

दुसर्‍या दिवशी सकाळी हारुननी बोटींचे फोटो स्वतः उतरवले. बंद रेडिओ कुठे ठेवावा यावर आमचं भांडण झालं, ते अजून चालू आहे. शिफानं त्या खोलीत मोठं टेबल टाकलं, दिवा लावला. बातमी दीपकनं नेली असेल, कारण मंगळवारपर्यंत ओटीवरच्या बाकावर माणसं बसायला लागली.

गुरुवारी हारुननी इस्त्रीचा शर्ट घातला, अत्तर लावलं, आणि मागच्या दारानं बाहेर पडले. मला वाटलं बाजारात चालले. पण गल्लीला वळसा घालून ते रस्त्याच्या बाजूनं स्वतःच्याच घराच्या ओटीवर आले आणि बाकावर बसले. मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी राहिले. बाहेर गेले असते तर त्यांचा सगळा थाट मोडला असता.

बाकावर केरू नावाचा एक माणूस बसला होता. राजापूरच्या आतल्या एका गावचा, नमन मंडळातला. मंडळाची गिटार त्याला नुकतीच दुरुस्त होऊन मिळाली होती आणि परतीच्या गाडीला वेळ होता. त्याला हारुन कोण हे ठाऊक नव्हतं.

"बघू का जरा?" हारुननी विचारलं.

केरूनं गिटार दिली. स्वस्तातली, कडेचा रंग उडालेली. हारुननी डोळे मिटले. तर्जनी फिरली, अंगठा सरकला. मला तो शब्द ठाऊक होता.

"ठेव," हारुन म्हणाले, आणि गिटार परत दिली.

"बेस झाली ना?" केरू खुलला. "आमी तर म्हनत व्हतो, टाकून द्यावी. पोरीचा हात लय चांगला हाय. कोनी शिकवलं वो हिला?"

मी ट्रे घट्ट धरला. आता सुरू होणार. आता गोव्याचा सोबती येणार, जपानचं बंदर येणार, 'माझं डोकं आलंय तिच्यात' हे येणार. माणसाची गाडी चुकणार. आणि खरं सांगते, त्या दिवशी त्यांनी ते सगळं सांगितलं असतं तरी मी रागावले नसते. त्यातलं थोडंफार खरंही होतं.

हारुननी आपल्या तळव्यांकडे बघितलं. मग खोलीच्या दाराकडे बघितलं. आत शिफाचा दिवा लागलेला होता.

"कोणी नाय," ते म्हणाले. "तिची ती शिकली."

केरूनं मान डोलावली. हारुननी छाती इतकी पुढे काढली की शर्टाची बटणं ताणली. एवढं ताठ बसलेलं मी त्यांना आमच्या लग्नातही बघितलं नव्हतं. माझ्या हातातला चहा पार निवला.

आतून शिफाचा आवाज आला, "पुढचे कोण?"

"मी," हारुन म्हणाले. त्यांनी शर्ट सारखा केला, चपला ओटीवर काढून ठेवल्या आणि आत गेले.